तक्रार खोलीची भिंत

लखनौला बदली होऊन आलो तेव्हा आमचं कार्यालय जुन्या पद्धतीचं होतं. निशातगंजच्या पुलापासून पाच मिनिटांवर एक तीन मजली इमारत, मधून अंधारा व्हरांडा आणि दोन्ही बाजूंना खोल्या. सरकारी वसाहतींची देखभाल हे आमचं काम. गळणारी छपरं, तुंबलेली गटारं, बंद पडलेल्या लिफ्ट, जळलेल्या मोटारी. मी सहायक अभियंता, मूळचा अकोल्याकडचा. नोकरीत गावं बदलत बदलत इथवर आलो होतो आणि विकास नगरात भाड्याच्या घरात बायको-मुलीसह राहत होतो.

दुसऱ्या मजल्यावर व्हरांड्याच्या टोकाला तक्रार खोली होती. दहा बाय बाराची असेल. तीन भिंतींना छतापर्यंत लाकडी मांडण्या आणि त्यांवर लाल कापडात बांधलेले जुन्या फायलींचे गठ्ठे. जमिनीवर तागाचं जाजम, खिडकीला जाड पडदा. एक टेबल, तीन फोन आणि आपा.

आपांना सगळं कार्यालय आपाच म्हणायचं, मोठे साहेबसुद्धा. त्यांचे मियाँ आमच्याच खात्यात वायरमन होते. ते गेल्यावर अनुकंपेवर त्यांना नोकरी मिळाली आणि तेव्हापासून बावीस वर्षं त्या त्याच खुर्चीवर बसल्या होत्या. वसाहतीतल्या एखाद्या चौकीदारानं फोनवर नुसतं 'हलो' म्हटलं तरी आपा विचारायच्या, "कहिए, तेरह नंबर की मोटर फिर बैठ गई?" आवाजावरून माणूस ओळखायचा, माणसावरून वसाहत आणि वसाहतीवरून बिघाड. एखादी बाई रडतच बोलत असली तर आधी तिला पाणी प्यायला सांगायच्या. मग हळूहळू तिच्याकडून ब्लॉक नंबर, मजला, घर काढून घ्यायच्या आणि रजिस्टरात सुबक अक्षरात लिहायच्या. नंतर संगणक आला, तरी रजिस्टर चालूच राहिलं.

मला मोजमापाची बारीक कामं असली की मी माझं टेबल सोडून त्या खोलीत जाऊन बसायचो. तिथं आकडे चुकायचे नाहीत. आपा फोनवर बोलत असायच्या, पण त्यांचा आवाज टेबलापलीकडे यायचाच नाही. तेव्हा मी याचा विचार केला नव्हता. ते गठ्ठे, ते जाजम, तो पडदा सगळा आवाज पिऊन टाकत होते.

एकदा मोठे साहेब दिल्लीला बैठकीला गेले आणि तिथलं एक नवं कार्यालय पाहून आले. आल्या आल्या मला बोलावलं.

"दीवारें हटाइए," म्हणाले. "एक खुला हॉल. सब सबको दिखें. कौन काम कर रहा है, कौन नहीं, पता चले."

मी नकाशा केला, अंदाजपत्रक केलं. मला ते काम मिळाल्याचा आनंद झाला होता, हे कबूल करायला हवं. इतक्या वर्षांत गळती आणि गटारांपलीकडे काही केलेलं नव्हतं. कॉलेजात आम्हाला इमारतीतल्या आवाजावर एक धडा होता, परीक्षेला सहसा न येणारा. काच, फरशी, प्लास्टर आवाज परत फेकतात. कापड, लाकडाचा भुसा, सच्छिद्र पत्रे तो शोषून घेतात. तेवढं आठवून मी अंदाजपत्रकात आवाज शोषणारं छत धरलं आणि तक्रार कक्षासाठी एका कोपऱ्यात दुहेरी भिंतीची छोटी खोली ठेवली.

साहेबांनी हिरव्या पेनानं दोन्हींवर रेघ मारली. "ये गत्ते की छत किसलिए? ऊपर तक खुला रखिए, हॉल ऊँचा लगेगा. और आपा को भी बाहर लाइए. सबसे पहले तो वही दिखनी चाहिए, पब्लिक का काम है."

"सर, आवाज़ गूँजेगी," मी म्हणालो.

"आवाज़ से क्या होता है, भाई? काम होना चाहिए."

मी नकाशा गुंडाळून घेतला. माझी पदोन्नती त्या वर्षी निघायची होती आणि तिच्या कागदांवर याच साहेबांची सही लागणार होती. त्यांनी वाचवलेल्या पैशातून प्रवेशाजवळ काळ्या ग्रॅनाइटचा मोठा काउंटर झाला. नकाशावर तो चांगला दिसत होता, प्रत्यक्षातही चांगलाच दिसला.

हिवाळ्यात भिंती पाडल्या. तक्रार खोलीची भिंत जाड विटांची होती, तिला दोन दिवस लागले. फायलींचे गठ्ठे टेम्पोत भरून चिनहटच्या गोदामात पाठवले. आपा व्हरांड्यात शाल लपेटून उभ्या होत्या. एकेक गठ्ठा जाताना त्यावरचा नंबर वाचत होत्या.

"क्या इंजीनियर साहब, हमें भी टेम्पो में रखवा दीजिएगा?" त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघंही हसलो.

हॉल तयार झाला त्या दुपारी मी एकटा मधोमध उभा राहिलो आणि टाळी वाजवली. पांढऱ्या चकचकीत फरशा, दोन बाजूंना काच, वर नागडा स्लॅब. टाळी समोरच्या काचेवर जाऊन माझ्याकडे आली, परत गेली, परत आली. ठेकेदार दाराशी उभा होता. कौतुकानं म्हणाला, "साहब, एकदम मंदिर जैसा गूँजता है." मी त्याच्या बिलावर सही केली.

मग त्यात साठ माणसं येऊन बसली.

पहिले काही दिवस सगळ्यांना गंमत वाटली. नंतर हळूहळू लोक मोठ्यानं बोलायला लागले, कारण शेजारचा मोठ्यानं बोलत होता. खुर्च्या फरशीवर करकरायच्या. छपाईची यंत्रं, एसी, हजेरीच्या यंत्रातली बाई जी प्रत्येक बोटाला धन्यवाद म्हणायची, काउंटरवर भांडणारे लोक, त्यांना त्याहून वरच्या आवाजात उत्तर देणारे आमचे बाबू. दुपारी चारपर्यंत निम्म्या लोकांचं डोकं दुखायचं. कुणी गोळ्या घ्यायचं, कुणी खाली चहाच्या टपरीवर अर्धा अर्धा तास बसायचं.

आणि या सगळ्याच्या मधोमध आपा. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट. लिहायला हात उरायचा नाही, म्हणून फोन मान वाकडी करून खांद्यात धरायच्या. पूर्वी एकदाच विचारायच्या, आता तीनतीनदा विचारायला लागल्या. "कौन सा ब्लॉक? ज़रा फिर से कहिए. फिर से." पलीकडचा माणूस चिडायचा. रडणाऱ्या बायकांना पाणी प्यायला सांगणं बंद झालं, कारण कोण रडतंय हे आता कळत नव्हतं.

एके दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "हमारी दीवार लौटा दीजिए," म्हणाल्या. या खेपेला त्या हसत नव्हत्या.

मी म्हणालो, बघतो. आणि खरंच बघणार होतो, पण मध्येच एक गोष्ट घडली आणि माझं मन स्वतःकडेच वळलं. एका सकाळी मी खाली वाकून टेबलाच्या खणात काही शोधत होतो. पलीकडच्या रांगेतले दोन जण, ज्यांच्याबरोबर मी रोज जेवायचो, बोलत होते. मी तिथं नाही असं त्यांना वाटलं असावं. काच आणि छपराच्या कृपेनं वीस फुटांवरचं बोलणं माझ्या कानाशी कुणी कुजबुजावं तसं आलं.

"हॉल का सत्यानाश कर दिया. कोटे वाले से और क्या उम्मीद करेंगे?"

"नक़्शा भी किसी से बनवाया होगा."

मी वाकलेलाच राहिलो. ते उठून जाईपर्यंत पाठ दुखायला लागली. आमच्या घरात शिकलेला पहिला माणूस माझे वडील, पोस्टात होते. मी पहिला इंजिनियर. असलं बोलणं मला नवीन नव्हतं, पण आजवर ते भिंतीआड होत असे आणि भिंतीबाहेर सगळे माझ्याशी नीट वागत. मीच ती भिंत पाडली होती. त्यानंतर मी हॉलमध्ये बसणं टाळायला लागलो. कुठल्या ना कुठल्या वसाहतीत काम काढून दिवसभर बाहेर राहायचो. मला तशी सोय होती. आपांना नव्हती.

तरी काहीच केलं नाही असं नाही. एका सुट्टीच्या दिवशी निशातगंजच्या बाजारातून नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचे, तुकडे आणले आणि चपराशाला घेऊन साठ खुर्च्यांच्या पायांना चिकटवले. करकर गेली. बायकोला सांगितलं तर तिनं जाड कापड आणून चार मोठे पडदे शिवले. काचेला ते लावले तर दोन दिवसांत फरक जाणवला. आपा म्हणाल्या, "भाभी के हाथ चूम लीजिएगा हमारी तरफ़ से." तिसऱ्या दिवशी दिल्लीहून पाहणीला कुणी येणार होतं. साहेबांनी पडदे पाहिले. "ये क्या शादी का पंडाल लगा रखा है?" संध्याकाळपर्यंत पडदे उतरले. घडी करून मी ते घरी नेले.  बायकोनं ते लोखंडी कपाटावर टाकले.

मग मी रीतसर दोन पानी टिपण लिहिलं. हॉलमध्ये आवाज किती घुमतो, त्यामुळे तक्रारी चुकीच्या नोंदल्या जाण्याचा धोका आहे, छताला आवाज शोषणारे तक्ते, भिंतींना कापडी पॅनेल, आणि तेवढं जमत नसेल तर निदान तक्रार कक्ष जिन्याखालच्या रिकाम्या भांडारात हलवावा. 'धोका' हा शब्द मी मुद्दाम घातला होता. साहेबांनी टिपण वाचलं, सही केली नाही. "अगले साल देखेंगे," म्हणून खणात ठेवलं. दोन आठवड्यांनी त्यांच्या स्वतःच्या बैठकीच्या खोलीला कापडी पॅनेल लावायचा आदेश निघाला. तिथं आवाज घुमतो, दिल्लीशी संगणकाच्या पडद्यावरून बोलताना त्रास होतो, असं त्यांना आढळलं होतं. ते काम मीच केलं. छान झालं. दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा.

टिपणाची झेरॉक्स माझ्या बॅगेत होती.

मे महिन्याचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी लेखा शाखेतले एक बाबू निवृत्त होत होते आणि त्यांचा निरोप समारंभ हॉलमध्येच होता. पूर्वी असले कार्यक्रम गच्चीवर मांडव घालून होत. आता हॉल होता. हार, समोसे, थंड पेय, आणि भाड्यानं आणलेले माइक आणि स्पीकर. बाहेर अंग भाजत होतं. साडेबाराच्या सुमारास भाषणं सुरू झाली.

मी भिंतीशी, म्हणजे काचेशी, उभा होतो. हातात समोशाची प्लेट. समोर पंधरा फुटांवर आपांचं टेबल. कोणीतरी माइकवर निवृत्त होणाऱ्या बाबूंच्या स्वभावाबद्दल सांगत होतं आणि लोक हसून टाळ्या वाजवत होते. फोन वाजला असणार, पण तो मला ऐकू आला नाही. आपांनी उचलला. कानात बोट घातलं, मान खाली घातली, टेबलावर जवळजवळ झोपल्याच. मग त्यांनी डावा हात वर केला. तळवा आमच्याकडे करून, जरा थांबा, अशी खूण. माझी आणि त्यांची नजर भेटली.

मी काय करायला हवं होतं ते इतकं सोपं आहे की आता लिहिताना लाज वाटते. माइकपाशी जाऊन 'एक मिनिट' म्हणायचं. पण साहेब बोलायला उभे राहत होते. मी नजर वळवली. टाळ्या सुरू झाल्या, मी प्लेट खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

फोन एका वसाहतीच्या चौकीदाराचा होता. एकोणचाळीस नंबरच्या ब्लॉकमधली लिफ्ट मध्येच अडकली आहे, आत एक म्हातारे गृहस्थ आहेत. तो म्हणाला 'उनतालीस'. आपांनी ऐकलं 'उनतीस'. मराठीत आपण एकोणतीस आणि एकोणचाळीस म्हणतो, तिथंही गोंधळ होऊ शकतो. हिंदीतल्या या आकड्यांनी तर मला सुरुवातीला रडवलं होतं. आपा असला आकडा नेहमी फोडून विचारायच्या, 'दो और नौ, कि तीन और नौ?' त्या दिवशीही विचारलं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. उत्तर काय आलं ते टाळ्यांत गेलं. पलीकडे त्याला प्रश्न ऐकू गेला की नाही, कोण जाणे. त्यानं 'हाँ हाँ' म्हटलं आणि फोन ठेवला.

मेकॅनिक एकोणतीस नंबरला गेला. तिथली लिफ्ट व्यवस्थित चालू होती. त्यानं वरखाली एक फेरी मारली, खोटी तक्रार आहे असं कळवलं आणि जेवायला गेला. संगणकावर तक्रार निकाली निघाली. अर्ध्या तासानं चौकीदारानं पुन्हा फोन केला तेव्हा आपा नमाजाला गेल्या होत्या. शेजारच्या बाबूनं पडद्यावर बघून सांगितलं, "आदमी पहुँच चुका है, देख लिया गया है." चौकीदार म्हणाला, इथं तर कोणीच आलं नाही. हा बाबू म्हणाला, "क्या? ज़ोर से बोलिए." मग फोन कटला.

आतल्या माणसाला बाहेर काढेपर्यंत दोन तास होत आले होते. लिफ्टमधला पंखा बंद होता. गृहस्थ सत्त्याहत्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक, मुलाकडे राहायला आलेले. काढलं तेव्हा जिवंत होते. तिसऱ्या दिवशी रुग्णालयात गेले.

चौकशी समिती दुसऱ्या कार्यालयातली होती, तीन माणसं. बैठकीच्या खोलीत बसली, मी पॅनेल लावलेल्या. प्रत्येकाला एकेक करून बोलावत होती. आपांना दीड तास बसवलं. मग त्या बाहेर आल्या. मला पाहून एवढंच म्हणाल्या, "आपसे भी पूछेंगे. आप बता दीजिएगा, कैसा रहता है यहाँ."

मी आत गेलो. साहेबांचे स्वीय सहायक कोपऱ्यात टिपणं घेत बसले होते. माझी बॅग माझ्या मांडीवर होती.

"हॉल में शोर रहता है?" अध्यक्षांनी विचारलं.

त्या खोलीत इतकी शांतता होती की प्रश्न संपल्यावर काहीही उरलं नाही. मला त्या दोघांचं बोलणं आठवलं, हॉलचा सत्यानाश. हॉल दोषी ठरला तर तो माझा हॉल होता. हिरवी रेघ कुणालाच दिसणार नव्हती, नकाशाखालची माझी सही दिसणार होती. आणि पदोन्नतीचे कागद साहेबांच्या टेबलावर होते. हे सगळं मी विचार करून ठरवलं असंही नाही. तोंडातून उत्तर आलं.

"जितना हर दफ़्तर में होता है, उतना ही, सर."

"कभी किसी ने शिकायत की?"

"लिखित में नहीं."

आपांनी खरोखरच लेखी तक्रार केली नव्हती. त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी टिपण लिहिलं होतं, ज्यावर सही नव्हती. म्हणजे कागदोपत्री मी खोटं बोललो नाही. त्या संध्याकाळी मी घरी स्वतःला हेच सांगत होतो.

बायकोनं जेवायला वाढताना विचारलं, "ती झेरॉक्स दाखवली का तुम्ही त्यांना?"

"नाही."

"काऊन?"

मी काही तरी सांगितलं, मोठ्या साहेबांबद्दल, प्रमोशनबद्दल. तिनं भाकरी ताटात ठेवली आणि समोर बसली. मुलगी तेव्हा बारावीत होती. तिला मराठी सगळी कळते, बोलते हिंदीतच. आतल्या खोलीतून म्हणाली, "मतलब पापा, आपने झूठ बोला?"

"तू अभ्यास कर," मी म्हणालो.

समितीनं आपांचे कान तपासून घेतले. सत्तावन्न वर्षांच्या बाईचे कान विशीतल्यासारखे कसे असतील? उंच पट्टीचे आवाज थोडे कमी येतात, असा अहवाल आला. आमच्या कार्यालयात त्याचं भाषांतर झालं: आपा बहिऱ्या होत्या आणि त्यांनी ते लपवलं. निष्काळजीपणाचा ठपका, सेवापुस्तकात नोंद, आणि चिनहटच्या गोदामात अभिलेख शाखेत बदली. 'त्यांना काही ऐकू यायचंच नाही हो,' असं म्हणणाऱ्यांत असे लोक होते ज्यांच्या घरचे नळ बावीस वर्षं आपांच्या फोनमुळे दुरुस्त झाले होते. मेकॅनिकला ताकीद मिळाली. साहेबांचं नाव अहवालात कुठंच नव्हतं. माझंही नव्हतं.

विकास नगरात आम्ही दहा-बारा मराठी बौद्ध कुटुंबं आहोत, बहुतेक सरकारी नोकरीतली. रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, वंदना होते, मग पोहे-चहा. पंचशील म्हणताना मी लहानपणापासून डोळे मिटून घेतो. त्या रविवारी चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझे ओठ हलले पण आवाज आला नाही. शेजारी बायको उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण तिला कळलं. पुढच्या रविवारी मी कामाचं निमित्त काढलं.

ऑगस्टमध्ये माझी पदोन्नती निघाली. त्यानंतर मी चिनहटला गेलो. आधी नव्हे, नंतर. हा क्रम मला टाळता येत नाही.

गोदाम कारखान्यांच्या वस्तीत आहे. पत्र्याचं छप्पर, आत उकाडा, लाल गठ्ठ्यांच्या रांगा. आपा दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. टेबलावर फोन नव्हता. मला पाहून उठल्या नाहीत.

"तरक़्क़ी मुबारक हो," म्हणाल्या.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. टिपण, झेरॉक्स, समितीचा प्रश्न, माझं उत्तर. झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं सावकाश वाचली. पहिल्या पानावरची तारीख बोटानं दाखवली.

"ये तो हादसे से पहले की है."

"जी."

"तब क्यों नहीं निकाली?"

 एक मालट्रक बाहेरून गेला, पत्रा थरथरला. त्या माझ्या उत्तराची वाट पाहत राहिल्या, फोनवर लोकांची पाहायच्या तशी, घाई न करता.

"डर गए थे," शेवटी त्याच म्हणाल्या.

"जी."

"हम रोज़ सोचते हैं कि हमने ग़लत सुना," आपा म्हणाल्या. "रोज़. घर में बेटा कहता है, अम्मी, छोड़िए. हमें वो आदमी दिखता है जिसे हमने कभी देखा नहीं. और आप ये काग़ज़ बैग में लिए घूम रहे थे." त्यांनी झेरॉक्स घडी करून माझ्याकडे सरकवली. "अब जहाँ देनी है वहाँ दीजिए. हमें मत दीजिए."

मी दुसऱ्या दिवशी दिली. अर्ज लिहून, आधी दिलेली माहिती अपुरी होती असं कबूल करून, झेरॉक्स जोडून. 'खोटी' हा शब्द तेव्हाही लिहवला नाही, 'अपुरी' लिहिलं. दीड महिन्यानं दोन ओळींचं उत्तर आलं: प्रकरण बंद झालं आहे, अर्ज दप्तरी दाखल. साहेब तोवर बढतीवर दिल्लीला गेले होते. मी वर पुन्हा अर्ज केला. त्याला उत्तर आलं नाही.

नव्या साहेबांनी आल्या आल्याच हॉलमध्ये कान झाकले. "यहाँ आप लोग काम कैसे करते हैं?" माझं जुनं टिपण कुणीतरी त्यांच्यापुढे ठेवलं. महिन्याभरात मंजुरी, चार महिन्यांत काम. छताला आवाज शोषणारे तक्ते, काचेसमोर कापडी पॅनेल, फरशीवर जाजमाचे चौकोन, आणि तक्रार कक्षाला दुहेरी भिंतीची बंद खोली, दाराच्या कडेला रबर. काम माझ्याच देखरेखीखाली झालं. आता तिथं दोन मुली हेडफोन लावून बसतात. त्या चांगल्या आहेत, आकडा पुन्हा विचारतात. हॉल शांत आहे. शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकू येत नाही. माझ्याबद्दल कोण काय म्हणतं, मला कळत नाही. छताबद्दल दोन-तीन जणांनी माझं अभिनंदन केलं.

पुढच्या हिवाळ्यात आपा चिनहटहूनच निवृत्त झाल्या. मुदतीआधी, स्वतः अर्ज करून. समारंभ नको म्हणाल्या. मी ईदला फोन केला तेव्हा सुनेनं उचलला. "अम्मी फ़ोन पर नहीं आतीं," ती म्हणाली, "किसी के भी नहीं. आप बुरा न मानिएगा." मी सलाम सांगायला सांगितलं. पोहोचला की नाही माहीत नाही.

यंदाच्या पावसात एकोणचाळीस नंबरच्या ब्लॉकमधून ओलीची तक्रार आली. चौथा मजला. माझ्या हाताखालच्या कुणालाही पाठवता आलं असतं. मी स्वतः गेलो. दार उघडलं ते त्या गृहस्थांच्या मुलानं, माझ्याच वयाचा, केंद्राच्या कुठल्याशा खात्यात. त्यानं मला ओळखण्याचं कारण नव्हतं. मी आत गेलो, आणि भिंत बघण्याआधी सांगून टाकलं. तो हॉल मी बांधला, आवाज घुमतो हे मला माहीत होतं, त्या बाई हात वर करून आम्हाला गप्प राहायला सांगत होत्या आणि मी ते पाहिलं होतं.

तो ऐकत उभा राहिला. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात आली, तिला त्यानं हातानं आत जायला सांगितलं.

"चौकीदार बताता है," तो म्हणाला, "शुरू में पापा अंदर से आवाज़ दे रहे थे. दरवाज़ा पीट रहे थे. फिर बंद हो गया. उसने सोचा, थक कर बैठ गए होंगे."

  तो रागावला नाही, बसाही म्हणाला नाही.

"सीलन उधर है," तो म्हणाला आणि आतल्या खोलीकडे चालू लागला.

खिडकीखाली तीन फूट भिंत ओली होती, प्लास्टर फुगलेलं. मी मोजमाप घेतलं, वहीत लिहिलं, आठवड्याभरात माणूस येईल असं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि माझ्यामागे दार लावून घेतलं.